जिथं राह्यले, तिथं आयएनजी

बोरी अरबच्या स्टँडवर बाबांनी चारचौघांत माझ्या बॅगेत हात घातला. थेट कोपरापर्यंत. वरचे ड्रेस, टॉवेल, त्याखालची पुस्तकं बाजूला सारत हात तळाला गेला आणि तिथं थांबला. यवतमाळची एसटी लागलेली, कंडक्टर दारात उभा, ओळखीच्या चार बाया बाकड्यावर बसलेल्या, आणि हा माणूस डोळे मिटून माझ्या बॅगेचा तळ चाचपतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खाली काय हाय?" बाबा म्हणाले.

"काई नाई," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

बाबांनी डबा वर काढला. मुगवड्यांचा होता. 'पुण्याले असलं काई नेत नाई मी' असं आईला दोन दिवस बजावलं होतं, म्हणून तिनं तो गुपचूप तळाशी दडवला होता. बाबांनी झाकण काढलं, एक मुगवडी दाताखाली फोडली, तिचा आवाज नीट ऐकला, "सुकल्या हाय" म्हणाले आणि डबा होता तिथंच परत घातला. मग चेन लावता लावता खाली बघूनच बोलले, "अर्चे, तिकडं कोनी कितीबी गोड बोललं तरी वरचं पाहू नको. हात घालून पाहजो."

मुलगी पहिल्यांदा घर सोडून चाललेली, आणि बापाचा निरोप हा! आई पदर तोंडाला लावून रडत होती, आणि मी मात्र त्या डब्यापायी चिडून खिडकीत बसले. रडायचं राहूनच गेलं. 

बोरीत मागं राहिलेल्यांना माझ्या बाबांची ओळख करून द्यायला नको. पण माझ्यासारखे जे निघून गेले आणि आता कुठल्या कुठल्या शहरात बसून हे वाचत असतील, त्यांच्यासाठी सांगते. आमचं थोडं वावर होतं, कापूस आणि तूर व्हायची. पण हंगामात बाबा दारव्ह्याला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, जायचे. काम काय, तर आलेल्या गाडीतला कापूस पाहायचा. पाहायचा म्हणजे डोळ्यांनी नव्हे. काही लोक कापसाला पाणी मारून वजन वाढवतात, आणि तो ओला कापूस गाडीच्या पोटात भरून वर चांगला पांढराशुभ्र पसरतात. बाबा बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे, तळातली मूठ बाहेर काढायचे, त्यातली एक सरकी दातानं फोडायचे. टच्च वाजली तर सुकी. नाही वाजली, तर बाबा एवढंच म्हणायचे, "ओल हाय." मग गाडीवाला देवाच्या शपथा घेवो, लेकराच्या घेवो, गाडी मागं फिरायची.

हा हात घरी आल्यावरही कामावरच असायचा. दुकानातून आणलेल्या डाळीच्या पिशवीत जायचा, पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्याच्या पुड्याच्या खालच्या थरात जायचा. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, त्या लोकांनी आणलेल्या फळांच्या टोपलीतही गेला आणि तळाची दोन सडकी मोसंबी घेऊन वर आला. स्थळ तिथंच संपलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. आमच्या घरात ताक फुंकायला आधी तोंड पोळावं लागत नसे.

अशा घरातून मी इंग्रजी शिकायला गेले. म्हणजे खरं इंग्रजी आधी बोरीतच शिकले होते, राऊत सरांकडे. सरांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. आपण वऱ्हाडी माणसं 'खातो आहे' म्हणत नाही, 'खाऊन राह्यलो' म्हणतो. सरांनी ते पकडलं. फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहून दिलं: 'जिथं राह्यला, तिथं आयएनजी.' खाऊन राह्यला, ईटिंग. पळून राह्यला, रनिंग. पोट्टे खूश! एवढं सोपं इंग्रजी अख्ख्या तालुक्यात कोणी शिकवत नव्हतं. मग सहावीच्या परीक्षेत वाक्य आलं, 'राजा महालात राह्यला.' अख्ख्या वर्गानं लिहिलं, 'द किंग इज पॅलेसिंग.' पुढचं वाक्य होतं, 'मी बोरीत राह्यलो.' त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच: 'आय ॲम बोरिंग.' सरांनी दोन्हीला बरोबरची खूण केली. त्यात सरांचा काही कावा असेल का, असा संशय मला अजूनही येतो. नसावा. नियम त्यांचा होता आणि ते नियमाला पक्के होते.

पुण्यात बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी इंग्रजीच्या मॅडमनी विचारलं, आतापर्यंत कुठं राहत होता, इंग्रजीत सांगा. मी उठले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आय वॉज बोरिंग." वर्ग हसून हसून लोळला. मला कळेना का हसतायत. आमच्याकडं बोरिंग म्हणजे हापशी. मला वाटलं, ही शहरातली पोरं पाण्याच्या हापशीला हसून राह्यली. रूमवर जाऊन डिक्शनरी पाहिली: बोरिंग, कंटाळवाणं. त्या दिवसापासून पुण्यात कोणी हसलं की मी आधी शब्द तपासायला लागले.

घरमालकीण बाई "यवतमाळ का? छान छान" म्हणाल्या. दोनदा छान कायले? एकदा म्हटलं असतं तर मी खरं मानलं असतं. क्लासमधली मुलं नोट्स द्यायची, तर त्यातली पानं मी मोजून घ्यायचे. मेसवाल्याच्या भाजीत चमचा तळापर्यंत घालायचे. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं, पण संशय काही प्रमाण मराठीत आला नाही, तो वऱ्हाडीच राहिला.

आणि मग एका दिवशी मॅडमनी समांतर रचना शिकवली, आणि माझं नशीब उघडलं असं मला वाटलं.

ज्यांनी या परीक्षा दिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजी वाक्यात दोन-तीन गोष्टी ओळीनं आल्या, की त्या सगळ्या एकाच रूपात हव्यात. 'शी लाइक्स सिंगिंग, डान्सिंग अँड टू कुक,' हे चूक. सिंगिंग, डान्सिंग, तर पुढं कुकिंगच हवं. मॅडम म्हणाल्या, "तिघं एका रांगेत उभे असतील तर तिघांचा गणवेश एक हवा." प्रश्नात वाक्याचे चार तुकडे देतात, कुठल्या तुकड्यात चूक आहे ते ओळखायचं. चूक नसेलच तर शेवटचा पर्याय, 'नो एरर.'

वर्ग गणवेश तपासत बसला. मला मात्र ती कापसाची गाडी दिसली. वरचे दोन थर सुके, सुंदर, आयएनजीवाले. आणि तळाशी तिसरा थर ओला. पेपर काढणारा आमच्याकडच्या काही लोकांसारखाच हुशार, ओल शक्यतो शेवटच्या तुकड्यात घालतो. मी वाक्य वाचतच नसे. सरळ तळाला हात घालायचे, शेवटचं क्रियापद उचलायचे, दाताखाली धरायचे. नाही वाजलं? ओल हाय! बाकीची पोरं पेन चावत असायची तोवर माझे पाच प्रश्न व्हायचे. मी बाबांना सांगायला फोन केला. ते फोनवर येत नसत, आईकडूनच निरोप जायचा. "फोनमंधी हात घालता येत नाई, मंग समोरचा खरं बोलून राह्यला का खोटं, कसं समजन?" असं त्यांचं म्हणणं. आईनं निरोप सांगितला आणि परत फोन कानाला लावून म्हणाली, "बाबा हासून राह्यले."

पण दोनदा परीक्षा दिली आणि दोनदा थोडक्यात हुकली. तिसऱ्या वेळेआधी मॅडमनी माझे सराव पेपर समोर ठेवले. म्हणाल्या, "अर्चना, चुकीची वाक्यं तुम्ही एकही सोडत नाही. पण बरोबर वाक्यांतही चूक काढता. एवढ्या पेपरांत तुम्ही 'नो एरर' एकदाही निवडलेलं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, माहीत आहे ना?"

"मॅडम, एवढं सरळ वाक्य कोण कशाला देईल?" मी म्हणाले.

"देतात. बरोबर वाक्यंही असतात जगात."

मला ते पटलं नाही. पण ही शेवटची संधी होती. पुण्यात राहायची मुदत घरच्यांशी बोलून ठरलेली होती, यात झालं नाही तर बोरीला परत. शेवटच्या पंधरवड्यात मी विश्वास ठेवायचा सराव केला. हसू नका, खरंच केला! रोज वीस वाक्यं घ्यायची, त्यांतली निर्दोष वाक्यं तशीच सोडून द्यायची. सरकी न फोडता गाडी जाऊ द्यायची. हात शिवशिवायचे. पण जमायला लागलं.

घरी फोन आठवड्यातून एकदाच, रविवारी. रोज केला की रोज रडू यायचं, म्हणून ठरवून एकदाच. आई फोनवर कशी बोलते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा कसे आहेत विचारलं की ती म्हणणार, "बाबा? आत्ता त जेवून राह्यलते, मंग त्या पाइपासंगं भांडले, सकाळी दारव्ह्याले गेलते, अन् आता कुठं बसून राह्यले काय माईत, चप्पल त इथीच हाय." एका वाक्यात चार काळ, चार गणवेश. राऊत सरांनी फळ्यावर घेतलं असतं तर खडू संपला असता. आईचं वाक्य कधी पूर्ण व्हायचंच नाही, कारण तिच्या वाक्यातली माणसं काही ना काही करून राहिलेली असायची.

त्या वेळी परीक्षा रविवारी होती, म्हणून मी शनिवारी संध्याकाळी फोन लावला. सहा वाजले असतील, गॅलरीत अजून ऊन होतं. विचारलं, बाबा कसे आहेत.

आई म्हणाली, "बाबा बरे हाय. जेवले, फिरले, झोपले."

 जेवले, फिरले, झोपले. तिघंही एका गणवेशात, एका रांगेत. वाक्यात कुठं राह्यले नाही, गेलते नाही, चप्पल नाही. आणि 'फिरले'? माझे बाबा वावरात जातात, जिनिंगवर जातात. 'फिरले' हा शब्द आमच्या घरात फक्त डोक्यासाठी वापरतात. आणि संध्याकाळी सहाला झोपले?

मी मुद्दाम विचारलं, "आई, पण आता काय करून राह्यले बाबा?"

"सांगतलं ना. जेवले, फिरले, झोपले." तेच तीन शब्द, त्याच क्रमानं. खरं बोलणारं माणूस दुसऱ्यांदा सांगताना क्रम चुकवतं.

"सगळं बरं हाय ना?"

"हो न व माय. तू पेपर दे चांगला."

आता जे लिहिते ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या हाताला ओल लागली होती. शंभर टक्के लागली होती. मी बाबांची पोरगी, मला न कळायला काय झालं! आणखी एकदा विचारलं असतं तर आई फोनवरच फुटली असती. मी विचारलं नाही. कारण उत्तर ऐकलं असतं तर रात्रीची गाडी धरावी लागली असती, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. जन्मभर सगळ्या दुनियेवर संशय घेतला, मेसवाल्यावर, घरमालकिणीवर, पेपर काढणाऱ्यावर. जिथं घ्यायचा तिथं मात्र 'नो एरर'वर बोट दाबलं. त्याला विश्वास म्हणू नका. ती सोय होती, माझी.

दुसऱ्या दिवशी पेपर दिला. समांतर रचनेचं एक वाक्य आलं, निर्मळ, तीनही क्रियापदं जुळलेली. मी 'नो एरर'वर क्लिक केलं आणि पुढं गेले. क्षणभरही थांबले नाही, याचीच मला पुढं लाज वाटली.

केंद्राबाहेर येऊन फोन सुरू केला तर दारव्ह्याच्या मामाचा फोन आला. "झाला पेपर? मंग आता ऐक पोरी. भाऊजीले लकवा मारला मंगळवारी. यवतमाळच्या दवाखान्यात हाय. जीवाले धोका नाई म्हणते डॉक्टर. ये."

मंगळवारी. म्हणजे मी रोज वीस वाक्यं विश्वासानं सोडून देत होते तेव्हा.

दवाखान्यात बाबा उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात चादरीवर ठेवलेला होता. ठेवलेला म्हणते, कारण त्यांनी तो ठेवला नव्हता, आईनं उचलून ठेवला होता. जो हात गाडीच्या पोटात जाऊन ओल शोधायचा, त्याला आता चादर ओली की सुकी हेही कळत नव्हतं. मी तो हात धरला आणि मोठ्यानं रडले. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते, बघू देत.

बाहेर नळाजवळ आईनं सगळं सांगितलं. ते तीन शब्द बाबांचे होते. जीभ जड, शब्द अर्धे तुटलेले, तरी दोन दिवस ते आईकडून पाठ करून घेत होते. आई म्हणाली, "मले म्हणे, राह्यले म्हनू नको. राह्यले म्हनशीन त ते इचारते, काहून राह्यले, कुठं राह्यले, मंग तू फसशीन. झालेलं सांग. झालेल्या कामात हात घालता येत नाई. पोट्टी हात घालते, मले माईत हाय ना."

काय म्हणावं या माणसाला! दोन परीक्षांत मला जे व्याकरण उमजलं नव्हतं ते याला खाटेवर पडल्या पडल्या समजलं. आणि ज्यानं आयुष्यभर लोकांच्या गाड्या मागं फिरवल्या, त्यानं स्वतः एक गाडी भरली, वर सुका कापूस पसरला आणि माझ्याकडं पाठवून दिली.

संध्याकाळी आई चहा आणायला गेली तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं. एकेक शब्द ओढून काढत विचारलं, "ओल... नाई लागली तुले?"

"नाई बाबा," मी म्हणाले. "अजिबात नाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बोरीतले जाणते लोक ती नजर ओळखतील. गाडीवाला शपथ घ्यायला लागला की बाबा असे पाहायचे. आता हात नव्हता, नुसती नजर होती. मग त्यांनी डोळे मिटले. 

मी पास झाले. नेमणूक कोइम्बतूरला मिळाली. बोरीचे लोक "एवढ्या दूर कायले?" म्हणाले, पुण्याचे लोक "वॉव, साउथ!" म्हणाले, आणि मी दोघांवरही संशय घेतला. इथं आता बरीच वर्षं झाली. ब्रांचमध्ये लोन डेस्कला बसते, मोडकंतोडकं तमिळ बोलते, सकाळी फिल्टर कॉफी लागते. ब्रांचचा वॉचमन रोज दुपारी विचारायचा, "साप्टाच्चा, मॅडम?" म्हणजे जेवण झालं का. पहिले सहा महिने मला वाटायचं, याला माझ्या जेवणाशी काय करायचंय? हा पाळत ठेवून राह्यला का? मग कळलं, इथं माणसं अशीच एकमेकांची चौकशी करतात. इथले लोक 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात, त्याचाही मला फार दिवस संशय येत होता.

एकदा एका सूतगिरणीच्या पाहणीला गेले. गोदामात कापसाच्या गाठी रचलेल्या. मॅनेजर सर आकडे विचारत होते आणि मी नकळत एका गाठीच्या फटीत बोटं खुपसली. गिरणीचा माणूस हसून म्हणाला, हा तुमच्याच महाराष्ट्रातला कापूस आहे, मॅडम. त्यानं ते मला खूश करायला सांगितलं असेल. तरी मी चिमूटभर काढून पर्समध्ये टाकला. तो अजून आहे.

फोन अजूनही रविवारी. मी आता आई काय सांगते ते ऐकतच नाही, फक्त एक शब्द शोधते. "बाबा डाव्या हातानं जेवून राह्यले अन् सांडून राह्यले," असं ती म्हणाली की मला बरं वाटतं, घरात व्याकरण बिघडलेलं आहे, म्हणजे सगळं नीट आहे. एखाद्या रविवारी घाईत तिनं नुसतं "जेवले, झोपले" म्हटलं, तर मी लगेच व्हिडिओ कॉल लावते. आई कावते. म्हणते, "तू त बुढ्याच्याही वरची निंगाली." तुमच्यापैकी जे लांब आहेत, त्यांचंही असंच चालत असेल. घरून 'सगळं छान' असा मेसेज आला की तुम्हीही लगेच फोन लावत असाल.

आणि दर फोनला, शेवटी, ते 'नाई बाबा' माझ्या घशाशी यायचं. दवाखान्यातलं. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलायला जीभ वळत नसताना दोन दिवस घालवले, आणि मी त्यांना दोन शब्दांत खोटं सांगितलं. फोनवर खरं सांगायची सोय नव्हती, ते फोनवर येतच नाहीत. सांगायचं तर समोर उभं राहूनच, आणि सुट्टीत घरी जाऊनही ते जमलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात गेले. दोघंही स्टँडवर आले होते. बाबांच्या हातात काठी, आई एक पाऊल मागं, पडलेच तर धरायला. मी उतरले, पाया पडले. बाबांनी काठी आईकडं दिली आणि डावा हात पुढं केला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. कसला आशीर्वाद! त्यांनी बॅगेची चेन ओढली आणि डावा हात आत घातला. त्या हाताला सवय नाही. तो वरच्या कपड्यांतच अडकला, मनगटाशी वळेना. स्टँडवरचे लोक पाहत होते. या वेळी मी बॅग दोन्ही हातांनी उचलून धरली, त्यांना खोलवर जाता यावं म्हणून.

हात तळाशी पोचला. डबा वर आला. कोइम्बतूरची मुरुक्कू, आपल्या चकलीची बहीण. बाबांनी एक तुकडा दाताखाली फोडला, ऐकला. "सुकी हाय," म्हणाले.

"बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी मले ओल लागली होती. आईच्या बोलण्यात. समजलं होतं मले. तरी पेपर देला."

आई "काय?" म्हणाली. बाबा तुकडा चावत राहिले. मी उभी, बॅग उचललेलीच, हात भरून आलेले.

"माईत हाय," बाबा म्हणाले. त्यांचं बोलणं अजून जड आहे, पण मला एकेक अक्षर कळलं. "तवाच समजलं. नाई म्हन्याले तू तोंड उघडलं तवाच."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोलून काय करतो? गाडी मांगं फिरवतो?" ते थांबले, श्वास घेतला. "ओल असन त असन. कापूस त आपलाच हाय ना."

मला तिथं स्टँडवर रडू आलं. अकरा वर्षांपूर्वी याच बाकड्यासमोर राहून गेलेलं रडू, आता व्याजासकट आलं म्हणा. बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, जरा वाकडा, कानावरच बसला. त्यावर मुरुक्कूचा चुरा होता.

आईला उन्हात उभं राहवेना. ती काठी आपटून ओरडली, "अवो, चाला न घरी! दोघंबी काहून उभे राहून राह्यले?"

राहून राह्यले. एका वाक्यात दोनदा राहणं. राऊत सर असते तर म्हणाले असते, जिथं राह्यले तिथं आयएनजी, चल अर्चना, इंग्रजीत सांग. मी डोळे पुसले, बॅग खांद्याला लावली आणि बाबांच्या डाव्या बाजूनं चालायला लागले. सरांना मी आजही तेच उत्तर दिलं असतं, आणि या वेळी डिक्शनरी पाहिली नसती. आय ॲम बोरिंग, सर. अजून बोरिंगच.